जुन्या मुंबईच्या घरांना दुरुस्ती हवी आहे

गिरगाव, काळबादेवी, फोर्ट किंवा ग्रँट रोडला जुन्या इमारतीत पागडीने, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर, खोली घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात काय करतो, ते तिथला कुणीही सांगेल. भिंतींचा जुना गिलावा विटेपर्यंत खरवडला जातो आणि त्यावर सिमेंटचा थर चढतो. लाद्या उखडायचा खर्च वाचावा म्हणून त्यांच्यावरच व्हिट्रिफाइड टाइल बसतात. बारा फुटांवरचे लाकडी छत पीओपीच्या फॉल्स सीलिंगमागे जाते. झिलमिलीच्या, म्हणजे तिरक्या लाकडी पट्ट्यांच्या, खिडक्या भंगारवाला नेतो आणि त्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा येतात. दारावरचे रंगीत तावदान एसीच्या पाइपासाठी फुटते. काम संपल्यावर घर उजळ आणि नवेकोरे दिसते. मग दोन पावसाळ्यांत भिंतीला पोपडे येतात, रंग फुगतो आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी ठिबकू लागते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ दरम्यानची घरे मुंबईत कशी टिकवावीत, हा प्रश्न बहुतेक वेळा आवडीनिवडीचा समजला जातो. ज्यांच्याकडे पैसा आणि फुरसत आहे त्यांनी जुनी नक्षी सांभाळावी, बाकीच्यांनी टॉवरची वाट पाहावी. मला हे मान्य नाही. अशा घराचे मूळ रूप आणि त्याची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या साहित्याने ते उभे आहे त्याच साहित्याने दुरुस्त केले तर दोन्ही टिकतात, आणि रूप बिघडवणारी दुरुस्ती बहुधा इमारतीचा जीवही घेते. म्हणून योग्य दुरुस्ती हा सार्वजनिक खर्चाचा विषय मानला पाहिजे. आज आपले कायदे, कर आणि अनुदाने सगळी पाडण्याच्या बाजूला झुकलेली आहेत.

आधी ही घरे कुठली, ते पाहू. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा पैसा मुंबईत वाहून आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे शहर उभे राहिले. आजचे हॉर्निमन सर्कल त्याच काळातले. त्याची कल्पना पोलिस कमिशनर चार्ल्स फोर्जेटची. इकडे गिरगाव-काळबादेवीत लाकडी सांगाड्यात विटा भरलेली तीन-चार मजली घरे दाटीने उभी राहिली, आणि गिरण्या व बंदराच्या आसऱ्याला आलेल्या माणसांसाठी चाळी बांधल्या गेल्या. १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हा ती चाळ व्हिक्टोरियन काळातलीच वास्तू होती. ‘इंग्रजांची घरे आपण का जपायची?’ असे कुणी विचारले की मला ही चाळ आठवते. या घरांत इंग्रज क्वचितच राहिले. पैसा पारशी, गुजराती, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान अशा इथल्याच लोकांचा, दगड मालाड-कुर्ल्याचा, सागवान ब्रह्मदेशाचे, कौले मंगळूरची आणि हात इथल्या गवंड्यांचे, सुतारांचे, पाथरवटांचे. काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचा, बिडाचा सांगाडा इंग्लंडहून सुटा आला आणि इथे जोडला गेला. हा अपवाद. १८९६ च्या ७ जुलैला लुमिएर बंधूंची चलच्चित्रे याच हॉटेलात दाखवली गेली, आणि आज तीच इमारत रिकामी, जाळीत गुंडाळलेली उभी आहे.

आता त्या सिमेंटकडे येऊ, कारण नुकसानीची सुरुवात तिथून होते. या घरांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडी भाजून मिळालेली कळी पाण्यात विझवायची, मुरू द्यायची, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांचा भुगा घालून चुन्याच्या घाण्यात मळायची. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालायची पद्धत होती. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. तो थोडा लवचिक राहतो आणि त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिंत चार महिने पाणी पिते आणि उरलेले आठ महिने त्या छिद्रांतून ते बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की हा मार्ग बंद होतो. पाणी भेगांतून आत शिरतेच, पण बाहेर पडू शकत नाही. ते विटांत साठते, त्यातले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक बनतात आणि विटेचे पापुद्रे काढतात. वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. त्यावर प्लास्टिक इमल्शन रंग दिला की उरलीसुरली वाटही बुजते.

लाकडाचे दुखणे याला जोडूनच येते. जुना सागवान कोरडा राहिला तर शे-दीडशे वर्षांनीही खणखणीत वाजतो. तो कुजतो तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत घुसलेली असते. सिमेंटने कोंडलेली ओल नेमकी तिथे साठते. पुढे ती तुळई ‘खराब झाली’ म्हणून कापली जाते आणि तिच्या जागी लोखंडी गर्डर येतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि त्याच ओल्या भिंतीत तो गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून गर्डर फुगून भिंतीला तडा देतो. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा टेकू. खरे तर कुजलेला दोन फुटांचा तुकडा काढून तिथे जुन्याच जातीचे लाकूड सांधता येते. चांगल्या सुताराला हे काम येते. पण निविदेत त्याचा दर नसतो, म्हणून ते होत नाही.

वजनाचाही हिशेब कुणी मांडत नाही. जुन्या लाद्यांवर दोन इंची सिमेंटचा थर आणि त्यावर टाइल म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास भर. तीनशे चौरस फुटांच्या खोलीत हे ओझे तीन टनांच्या वर जाते. माणसांच्या आणि सामानाच्या वजनासाठी घातलेल्या लाकडी वाशांवर हे ओझे कायमचे बसते. प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक बिऱ्हाडाने हे केले तर इमारत न बोलता किती सोसते ते लक्षात येईल. फॉल्स सीलिंगने तर तुळया दिसेनाशाच होतात. ठिबकणारे पाणी आणि वाळवीची माती वेळेवर दिसणे हीच जुन्या घराची सगळ्यात स्वस्त सुरक्षा आहे, आणि आपण ती पीओपीने झाकतो.

रहिवाशांना यात दोष देणे सोपे आहे, पण मी तो देणार नाही. माणसाला घरात संडास-बाथरूम हवे असते आणि ते हवेच. मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, रात्री-अपरात्री अंधारा व्हरांडा, म्हाताऱ्या माणसांचे हाल, बायकांची कुचंबणा: हे सगळे ‘मूळ स्वरूप’ म्हणून जपावे असे सांगणाऱ्याने तिथे एक पावसाळा राहून दाखवावे. प्रश्न असा की मोरीच्या जागी कसलाही विचार न करता बाथरूम केले जाते. मधल्या खोलीत, लाकडी तळावर, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या कोपऱ्यात. ओल्या जागा मागच्या भिंतीशी एकावर एक आणून, त्यांना जमिनीपासून स्वतंत्र सांगाडा आणि नळाची एकच उभी वाट दिली, तर लाकूड कोरडे राहते आणि घराला आधुनिक सोयही मिळते. पण हे एका बिऱ्हाडाच्या हातात नाही. त्यासाठी सगळ्या मजल्यांनी मिळून ठरवावे लागते, आणि इमारतीचा मालक त्यात असावा लागतो.

मालक का नसतो, याचे उत्तर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी पन्नास वर्षांहून अधिक काळ जवळजवळ तशीच राहिली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ती त्याच गोठलेल्या रकमेवर. महिन्याला काहीशे रुपये भाडे येणाऱ्या इमारतीचे छत बदलायला कुठलाही मालक पुढे येणार नाही. भाडेकरूने पागडीचे लाखो रुपये मोजलेले असतात, म्हणून तो स्वतःच्या खोलीवर आणखी लाखो खर्च करतो. जिना, गच्ची, पावसाचे नळ, मागची गटारे मात्र कुणाचीच नसतात. माझ्या मते जुन्या घराचे रूप उंबरठ्याच्या आत ठरत नाही. बिडाच्या कठड्याचा जिना, व्हरांड्याच्या कमानी, कौलारू छप्पर, दर्शनी सज्जे, हे सगळे सामायिक आहे, आणि इमारत मरते तीही याच जागांतून. घरातल्या लाद्या कितीही हौसेने पॉलिश केल्या आणि छताचे पन्हळ तुंबलेले राहिले तर त्या लाद्यांना अर्थ उरत नाही.

हे ओळखूनच राज्याने १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. जुन्या इमारतींकडून उपकर घ्यायचा, सरकार आणि महापालिकेने त्यात भर घालायची आणि मंडळाने दुरुस्ती करायची. कल्पना फार चांगली होती. तेव्हा अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या, त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पुढे हे मंडळ म्हाडात आले. दुरुस्तीला मात्र दर चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा घातलेली आहे. अंदाज तिच्या वर गेला तर जास्तीचा खर्च रहिवाशांनी उचलायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते आणि वाट पाडण्याकडे जाते. या मर्यादेत बसते ते सिमेंट, गर्डर आणि टेकू. चुना मुरायला वेळ लागतो, सांधकाम करणाऱ्या सुताराची मजुरी जास्त असते, म्हणून योग्य दुरुस्तीचा अंदाजच इमारतीच्या विरोधात पुरावा ठरतो. चुकीची दुरुस्ती परवडते आणि ती लवकरच पुन्हा करावी लागते.

वारशाचे नियम या घरांना वाचवतील, असा एक समज आहे. मुंबईने १९९५ साली देशात सर्वांत आधी असे नियम केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण श्रेणी नीट वाचा. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावायला सक्त बंधन आहे. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल बऱ्याच अंशी चालतात, बाहेरच्यांची छाननी होते. तिसऱ्या श्रेणीत आत-बाहेर दोन्हीकडे बदलाला मुभा आहे. शहराचे खरे विणकाम, म्हणजे राहती घरे आणि चाळी, यादीत असल्या तर बहुतेक खालच्या श्रेणीत असतात, आणि हजारो इमारती यादीतच नाहीत. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात ९४ इमारती आहेत. त्या मैदानापासून पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की त्याच शतकातल्या इमारती टेकूंवर उभ्या दिसतात. शिवाय सगळे नियम मनाई करतात, मदत करत नाहीत. झिलमिली काढू नका असे सांगणारा कागद येतो. झिलमिली दुरुस्त करायला पैसे देणारा येत नाही.

काम जमत नाही असे मात्र नाही. १८७२ सालचे भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठानने मिळून दुरुस्त केले, आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या निवासी इमारतीच्या जतनाचीही २०१३ साली युनेस्कोने दखल घेतली. चुना कसा मळायचा, बिडाचे तुटलेले फूल कसे ओतायचे, लादीचा रंग कसा जुळवायचा, हे जाणणारे लोक या शहरात आहेत. पण संग्रहालयाला देणगीदार मिळतो, क्लबाकडे निधी असतो. ठाकूरद्वारच्या चार मजली घराला कोण देणार? इथे सार्वजनिक पैशाला पर्याय नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. व्हिक्टोरियन काळात मजुरांसाठी बांधलेल्या दगडी चार मजली इमारती, सामायिक जिना, सामायिक संडास, एका खोलीत आख्खे कुटुंब. आपल्या चाळींची दूरची बहीणच. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या मोठ्या प्रमाणात पाडल्या गेल्या आणि माणसे शहराच्या कडेला नेऊन टॉवरांत ठेवली गेली. १९७२ च्या सुमारास गोवन भागात काही तरुण वास्तुरचनाकारांनी रहिवाशांबरोबर बसून वेगळा मार्ग काढला. स्वयंपाकघरातल्या भिंतीत पलंगासाठी जे कोनाडे असत त्यांत संडास-बाथरूम बसवले, दगड आणि जिना तसाच ठेवला. १९७४ च्या कायद्याने अशा कामांना मोठी अनुदाने दिली आणि वस्तीतल्या गृहनिर्माण संस्थांनी रस्तेच्या रस्ते दुरुस्त केले. शेजारी शेजारीच राहिले. ज्या टॉवरांना भविष्य म्हटले गेले त्यांतले रेड रोडचे एकतीस मजली टॉवर साठच्या दशकात उभे राहिले आणि २०१५ पर्यंत पाडून झाले. गोवनची दगडी घरे आजही राहती आहेत. २००४ च्या स्कॉटिश कायद्याने बहुमताने घेतलेला सामायिक दुरुस्तीचा निर्णय इमारतीतल्या सगळ्या मालकांना बांधील केला, एकाच्या नकाराने छप्पर गळत राहू नये म्हणून.

अर्थात करांची उलटी चाल ब्रिटनमध्येही आहे. नव्या घराच्या बांधकामावर शून्य व्हॅट आणि जुन्याच्या दुरुस्तीवर २० टक्के, हा तिथल्या जतनवाल्यांचा जुना सल. आपल्याकडे बांधकाम चालू असलेला नवा फ्लॅट घेणाऱ्याला ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या गटात १ टक्का, आणि इमारतीच्या दुरुस्तीच्या कंत्राटावर १८ टक्के. दोन्ही आकारणींची पद्धत वेगळी आहे हे मला माहीत आहे, तरी जो रहिवासी वर्गणी काढून गच्ची दुरुस्त करतो त्याच्या हातात पडणारे बिल १८ टक्क्यांचेच असते.

सुरक्षेचा मुद्दा मी टाळणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या वर्षी नाही तर तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात अशी बातमी येते. अशा वेळी नक्षीदार कठड्यांची भाषा करणे निर्दयी वाटू शकते. काही इमारती इतक्या पोखरल्या आहेत की त्या रिकाम्या करून उतरवल्याच पाहिजेत, आणि तिथल्या लोकांना त्याच जागी घर मिळाले पाहिजे. पण वय हे कोसळण्याचे कारण नसते. अडलेले पाणी, कापलेल्या भिंती, वाढवलेले मजले आणि वर्षानुवर्षे न झालेली देखभाल ही कारणे असतात. १८७७ साली लंडनमध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हा तिचा आग्रह हाच होता की मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजची निगा राखावी. व्हिक्टोरियन काळातल्याच माणसाचे हे म्हणणे त्याच काळातल्या आपल्या घरांना आजही लागू पडते.

टॉवरचे आमिष खरे आहे आणि मालकी हक्काची भूक त्याहून खरी. भाडेकरूला मालक व्हायचे असते, त्यात गैर काही नाही. पण मालकी मिळवायला इमारत पाडावीच लागते, ही आपल्या धोरणाने घातलेली अट आहे. १९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण जोडले गेले: ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करायची आणि त्यांच्या सहकारी संस्थेकडे सोपवायची. मालक न्यायालयात गेले, प्रश्न १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात राहिला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संपत्ती, म्हणजे समाजहितासाठी वाटता येणारी साधनसंपत्ती, मानता येणार नाही. मालकाला फुटकळ रक्कम देऊन हा प्रश्न सुटणार नाही, हे यातून मी समजतो. मालकाला वाजवी मोबदला, रहिवाशांना मालकी आणि इमारत जागेवर, असा व्यवहार सरकारने मधे उभे राहून घडवला पाहिजे. जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणारे जादा बांधकाम, विकून येणारा पैसा सध्या फक्त पाडणाऱ्याला मिळतो. न पाडता नीट दुरुस्त करणाऱ्या इमारतीचा न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा यादीबाहेरच्या जुन्या घरांनाही द्यावी, आणि तो पैसा दुरुस्तीच्याच खात्यात बंद राहावा.

तोवर अगदी छोट्या गोष्टी आजही होऊ शकतात. दुरुस्ती मंडळाच्या दरसूचीत चुन्याचा गिलावा, लाकडाचे सांधकाम, कौलांची फेररचना आणि झिलमिली-कठड्यांची दुरुस्ती यांचे दर यावेत. खर्चाची कमाल मर्यादा एका वेळच्या अंदाजावर न ठेवता पुढच्या तीस वर्षांच्या खर्चावर मोजावी. प्रशिक्षण संस्थांत बांधकामाच्या अभ्यासक्रमात चुन्याचे काम शिकवावे, म्हणजे ही कारागिरी मोजक्या म्हाताऱ्या हातांबरोबर संपणार नाही. पाडलेल्या घरांची दारे, तुळया आणि कठडे ओशिवऱ्याच्या बाजारात विकले जातात. त्यांतले चांगले सागवान आधी दुरुस्ती चालू असलेल्या इमारतींना मिळेल असे एक कोठार मंडळाने काढावे.

आणि दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, तिच्यात आणखी दोन रकाने हवेत. पाणी नेमके कुठून शिरते आहे, हे एका रकान्यात. आणि ते थांबवायला योग्य साहित्याने किती खर्च येईल, हे दुसऱ्यात. इमारत रिकामी करण्याची नोटीस हातात पडण्याआधी रहिवाशांना एवढे तरी कळण्याचा हक्क आहे.